वार तपासणारी बाई

माझ्या सगळ्या डॉक्टरकीत मी एकाही बाळाला जगात आणलं नाही. स्वतःची दोन आणली, पण तेव्हा मी पेशंट होते, आणि तिथल्या नर्सच्या मते फार वाईट पेशंट होते. माझं काम बाळ आल्यानंतर सुरू व्हायचं. बाळ रडतं, नर्स वजन सांगते, बाहेर बाप फोन लावायला धावतो आणि खोलीतले सगळे डोळे त्या गाठोड्याकडे वळतात. त्याच वेळी एका स्टीलच्या ट्रेमध्ये गपचूप काहीतरी येऊन पडतं. तिकडे कुणी बघत नाही. ते माझं.

मराठीत आपण त्याला वार म्हणतो. आमच्या जबलपुरात कुणी आँवल म्हणतं, कुणी नाल. नऊ महिने बाळाला खाऊ घालणारा, त्याच्यासाठी श्वास घेणारा, त्याची घाण बाहेर टाकणारा हा अवयव, आणि काम संपलं की कचऱ्यात. मी पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे जिच्याकडे पेशंटचा तुकडा येतो, पेशंट येत नाही. बड़ा फुहाऱ्याच्या बाजारातल्या साडीवाल्या भैयानं एकदा विचारलं, "मैडम, आप किस चीज की डॉक्टर हैं?" मी मोठ्या तोऱ्यात नाव सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा, खून-पेशाब वाली." तेव्हाची मी इतकी चिडले की साडी न घेता निघाले. आता वाटतं, साडी चांगली होती.

तसाच एक प्रकार हळदीकुंकवाला झाला. महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी विचारलं, वार असते तरी केवढी? मी नवी नवी एम. डी., ज्ञान ओसंडून वाहत होतं. म्हटलं, "पुरणपोळीएवढी. थोडी जाड. कडेला पातळ, मध्ये फुगीर." समोरच्या काकूंनी हातातली बशी खाली ठेवली. बशीत काय होतं ते सांगायला नको. त्यानंतर त्या घरात मला कायम चिवडा मिळाला, आणि अख्ख्या मंडळात माझं नाव पुरणपोळीवाली डॉक्टर पडलं. म्हणून पुढे या लेखात खाण्याची एकही उपमा देणार नाही. संपादकांना तसा शब्द दिला आहे.

मला या ट्रेचं वेड लागलं ते एका कोड्यामुळे. उद्या माझी किडनी बिघडली आणि नवऱ्यानं त्याची मला दिली, तर माझं शरीर त्या किडनीला परकी म्हणून मारायला धावेल. तिला टिकवायला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील. नवरा कितीही प्रेमाचा असो, शरीराला त्याचं काही नसतं. आता त्याच नवऱ्याचा अर्धा वाटा असलेलं बाळ नऊ महिने माझ्या पोटात राहतं, माझ्या रक्तात जवळजवळ बुडून राहतं, आणि शरीर त्याला हात लावत नाही. हे कसं? आईच्या शरीराला पाहुणा परका आहे हे कळत नाही, की कळून ते गप्प बसतं?

तरुणपणी मला याचं उत्तर येत होतं. तरुणपणी मला सगळ्याच गोष्टींचं उत्तर यायचं. आमच्या सासरी मराठ्यांच्या चाकरीत इकडे आलेल्या पूर्वजांच्या लढाया रोज जेवताना भाजीबरोबर वाढल्या जायच्या. त्यामुळे असेल, पण मला जिथे तिथे फौजा दिसायच्या. विद्यार्थ्यांपुढे कडक इस्त्रीची साडी नेसून मी उभी राहायची आणि सांगायची, "आईची रोगप्रतिकारशक्ती म्हणजे एक फौज. दिवस राहिले की ही फौज झोपी जाते. नऊ महिने झोपते. म्हणून बाळ वाचतं." शेवटी थोडं थांबायची. टाळ्यांसाठी.

एका वर्षी हे व्याख्यान देताना मी स्वतः सातव्या महिन्यात होते आणि मला भयंकर सर्दी झाली होती. दर दोन वाक्यांना शिंक, हातात खडूबरोबर रुमाल. मागच्या बाकावर आमचे मोठे सर येऊन बसले होते. फौज झोपल्याचं वाक्य मी म्हटलं आणि पाठोपाठ तीन शिंका आल्या. सर शांतपणे म्हणाले, "मैडम, आपकी फौज तो बहुत जोर से जाग रही है. ये सोई कब?"

वर्ग हसला. मी लाल झाले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की सर बायकांच्या विरोधात आहेत. तो पेपर वाचत होता. म्हणाला, "सर बरोबर बोलले. नाक पूस."

नाक पुसलं आणि पुस्तकं काढली. खरंच, गरोदर बाई सर्दीशी लढते, तिची जखम पिकते आणि भरते, तिला टोचलेली लस लागू पडते. शरीर झोपलेलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं. मग ते जागं राहून बाळाला सोडतं कसं?

पुढच्या काही वर्षांत जगभरातल्या लोकांनी जे शोधलं ते वाचत गेले, आणि स्वतःच्या मायक्रोस्कोपखाली त्यातलं थोडंफार बघत गेले. साध्या शब्दांत सांगते. आपल्या अंगातली जवळपास प्रत्येक पेशी अंगावर ओळखपत्र लावून हिंडते. राखणदार पेशी ते बघतात, परकं कार्ड दिसलं की धरतात. आता गंमत बघा. वारेचा जो थर आईच्या रक्तात भिजलेला असतो, त्यावर बाळ हे कार्ड लावतच नाही. भिंत कोरी. पण राखणदारांची दुसरी एक टोळी असते, ती कार्ड नसलेल्यालाच मारते. तर जिथे बाळाच्या पेशी थेट गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात, तिथे त्या एक वेगळंच, शरीरात इतरत्र क्वचितच दिसणारं कार्ड दाखवतात. ते बघून ही टोळी शांत होते.

नुसती शांत होऊन बसत नाही. पुस्तकात या पेशींना मारेकरी म्हटलं आहे. दिवस राहिले की त्या गर्भाशयात गर्दी करतात. तरुणपणी मला वाटलं असतं, आता कत्तल. प्रत्यक्षात त्या तिथल्या रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करतात, म्हणजे वारेकडे भरपूर रक्त येईल. लग्नात आमच्या ओमती मोहल्ल्यातले सगळे दादा लोक आले, आपण घाबरलो, आणि बघतो तर त्यांनी बाह्या वर करून पाहुण्यांच्या खुर्च्या मांडायला घेतल्या आहेत. असं काहीसं. शिवाय आणखी एक जात असते, तिचं काम भांडण वाढू न देणं. आपल्या नात्यात अशी एखादी मावशी असतेच.

म्हणजे फौज जागी असते, तिला पाहुणा दिसतो, आणि ती त्याच्याशी रोज बोलणी करते. हा मला फार आवडलेला शोध आहे. झोपलेल्या आईपेक्षा ही आई मला ओळखीची वाटली.

आणि बोलणी संपली की सगळं संपतं असंही नाही. बाळाच्या काही पेशी आईच्या अंगात शिरतात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. हे मी मुलीला सांगितलं तेव्हा ती चाळिशीची होती आणि मला साखर कमी खा म्हणून ओरडत होती. म्हटलं, "तुझ्या पेशी माझ्यात असतील अजून. गोड त्याच मागून राहिल्या." नात बाजूला फोन बघत बसली होती. तिला मराठी कळतं, बोलायचा कंटाळा. न बघता म्हणाली, "आजी, साइंस को बदनाम मत करो."

आता गेंदाची गोष्ट. खरं तर हिच्यासाठीच लिहायला बसले.

माझ्या निवृत्तीच्या थोडं आधीची. बाळंतपणाच्या वॉर्डातून मालतीचा फोन आला. मालती म्हणजे आमची स्त्रीरोगतज्ज्ञ, माझी मैत्रीण, नागपूरची. "काय करून राहिली? सगळं टाक आणि ये. एक वार धरून ठेवली आहे मी, पण तिच्यावर सासू बसली आहे."

गेले. खरोखरच बसली होती. बादलीवर झाकण, झाकणावर एक म्हातारी, पदर कमरेला खोचलेला. हिला गावात सगळे बड़ी अम्मा म्हणायचे. बरगीकडचं गाव, धरणाच्या पाण्यावर मासेमारी करणारं घर. मुलगा धनीराम, सून गेंदा. गेंदाचं हे तिसरं बाळ होतं आणि तिन्ही पोटातच गेली होती, दिवस बरेच भरत आल्यावर. पलंगावर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. कापडात गुंडाळलेलं बाळ धनीरामच्या हातात होतं.

बड़ी अम्मा म्हणाली, "जे हमें दे दो. मोड़ा के संगे गाड़ने है."

मोड़ा म्हणजे मुलगा. त्यांच्याकडची रीत अशी की वार घराच्या अंगणात पुरायची, म्हणजे मूल घराला बांधलेलं राहतं. आणि मूलच गेलं तर वार त्याच्याबरोबर मातीत, कारण ते दोघं बरोबर आले. आधीच्या दोन्ही वेळी असंच झालं होतं. त्यामुळे दोन्ही वेळी बाळ का गेलं ते कुणालाच कळलं नाही. आईचं रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, सगळं ठीक. ज्या एका गोष्टीत उत्तर असण्याची शक्यता होती, ती अंगणात.

मी म्हटलं, "अम्मा, इसमें से थोड़ा-सा मुझे चाहिए. बच्चा क्यों गया, ये देखना है."

"पैले दो बेर काय नईं देखो?"

त्यांच्या बोलीत काय म्हणजे का. मालती म्हणायला गेली की आधीच्या वेळी तुम्हीच घेऊन गेलात. मी तिला चिमटा काढला.

"आधो-अधूरो हम नईं गाड़ हैं," अम्मा म्हणाली.

मी हाताचं नख दाखवलं. "इतने-इतने चार टुकड़े. बाकी सब आपके हाथ में दूंगी. भरोसा न हो तो साथ चलो, सामने काटूंगी."

आमच्या कापायच्या खोलीत नातेवाईक कधी येत नाहीत. तिथे औषधांचा वास डोळ्यांत जातो, आणि जे दिसतं ते नातेवाइकांनी बघण्यासारखं नसतं. बड़ी अम्मा आली. स्टुलावर बसली, पदर नाकाला लावला, आणि माझ्या सुरीवरची नजर हलू दिली नाही. मी वार धुतली, वजन केलं, उलटी-सुलटी बघितली. लहान होती आणि हाताला जरा जास्तच घट्ट लागत होती. विद्यार्थी असते तर मी व्याख्यान दिलं असतं. अम्मापुढे गप्प राहिले.

तिनंच विचारलं, "जे है कौन की? बहू की कै मोड़ा की?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता. "बच्चे की," मी म्हटलं. "मां की नहीं है. जिस बीज से बच्चा बना, उसी से ये बनी."

"सो हमाए घर की."

"आधी. आधी आपके लड़के की, आधी बहू की."

तिनं मान हलवली. अर्धी तिला पुरेशी वाटली असावी. चार तुकडे घेऊन उरलेली वार मी स्वच्छ कापडात बांधून तिच्या हातात दिली. तिनं गाठ सोडून आत बघितलं, पुन्हा बांधली आणि गेली.

त्या तुकड्यांतून पाणी काढायचं, मेणात बसवायचे, केसापेक्षा पातळ काप काढायचे, रंगवायचे, यात काही दिवस जातात. मग काच मायक्रोस्कोपखाली ठेवली. वारेत आतून झाडासारख्या फांद्या असतात, त्या बाळाच्या. त्यांच्यामधून आईचं रक्त वाहतं. त्या रक्तात तांबड्या पेशी दिसायला हव्यात. मला दिसल्या राखणदार पेशींच्या झुंडी. आईच्या. फांद्यांच्या मधली सगळी जागा त्यांनी भरून टाकली होती आणि मध्ये जाळं धरलं होतं. बाळाला खायला-प्यायला वाटच उरली नव्हती.

हा आजार फार क्वचित दिसतो. त्याचं नाव इतकं लांब आहे की विद्यार्थी परीक्षेत अर्धंच लिहून सोडून देत. आईला कळत नाही, रक्तात सापडत नाही, फक्त वारेत दिसतो. आणि पुढच्या वेळी परत येऊ शकतो. बोलणी कुठेतरी फिसकटलेली असतात. का फिसकटतात, ते आजही कुणाला नीटसं ठाऊक नाही.

मी रिपोर्ट लिहिला. इंग्रजीत. आणि फौजेची जुनी खोड हातात होतीच. लिहिलं, आईच्या पेशींचा वारेवर हल्ला. मालतीनं तो वाचून गेंदाला हिंदीत सांगितलं, शब्द तोच: हमला. सासू बाजूला बसलेली.

दोन आठवड्यांनी मालती स्वतः माझ्या खोलीत आली आणि माझ्याच खुर्चीत बसली.

"तुझ्या त्या एका शब्दानं घोळ केला. गावात आता सगळे म्हणतात की गेंदाचं रक्त लेकराला खातं. धनीरामसाठी दुसरी बघून राहिले."

"मी तसं कुठे लिहिलं?"

"तू काय लिहिलं ते तिथं कोण वाचतं? ऐकलं ते खरं. मी परवा बोलावलं आहे तिघांना. आता तू बोल त्यांच्याशी."

"मी? मी पेशंटशी बोलत नाही. मला येत नाही."

"ठाऊक आहे. पुरणपोळी."

तर मी गेले. आयुष्यभर मेणात बसवलेल्या तुकड्यांशी बोललेली बाई, पहिल्यांदा समोर बसलेल्या माणसाशी बोलायला. मालतीच्या ओ.पी.डी.त एका बाकावर गेंदा, तिच्याजवळ सासू, दाराशी धनीराम उभा. गेंदा फार तर पंचविशीची असेल. मी सुरुवात केली ती कार्डापासून, राखणदारांपासून. मधेच सवयीनं फौज तोंडातून निसटली. सासू मालतीला म्हणाली, "सुन लओ. फौज भरी है जा के पेट में."

तेव्हा गेंदा पहिल्यांदा बोलली. माझ्याकडे न बघता. "हमने तो कछू नईं करो, बाई. सोत-जागत पेट पे हाथ धरे रए. फिर भीतर कौन करत है?"

मी रिपोर्टमध्ये ज्या आईच्या पेशींबद्दल लिहिलं होतं, ती आई ही समोर बसलेली. आणि तिचा त्यात काहीच हात नव्हता, जसा माझा माझ्या शिंकांमध्ये नव्हता. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"गेंदा, तेरे भीतर जो पहरेदार हैं, वो बुरे नहीं हैं. तुझे बुखार आता है, तो वही उतारते हैं. बच्चा जब आता है, तो उनको एक निशानी दिखाता है कि मुझे रहने दो. सबके पेट में पहरेदार वो निशानी समझ लेते हैं. तेरे में और इस बच्चे में वो बात जमी नहीं. इसमें तेरी गलती नहीं है, तेरे खाने-पीने की नहीं है, किसी की नजर की नहीं है."

"काय नईं जमी?"

"मुझे नहीं पता."

"तुमें सोई नईं पतो?"

"नहीं. किसी को नहीं पता अभी."

तिनं पहिल्यांदा मान वर केली. मला वाटतं, त्या दिवशी मी जे काही बोलले त्यातलं तिला एवढंच हवं होतं. ज्या गोष्टीचं कारण एवढ्या मोठ्या दवाखान्यातल्या बाईंनाही ठाऊक नाही, ते तिचं पाप कसं असेल?

पण बड़ी अम्मा मुद्द्यावर होती. "एक बात बताओ. हम दूसरी ले आएं, तो मोड़ा जी है कै नईं?"

मालती छताकडे बघू लागली. पंख्यात तिला अचानक फार रस वाटला. कारण याचं खरं उत्तर आम्हा दोघींना ठाऊक होतं. बात गेंदा आणि धनीराम या दोघांमध्ये जमली नव्हती. दुसऱ्या बाईच्या शरीरात ती जमण्याचीच शक्यता जास्त. गेंदा बाकाची कड धरून बसली होती. खोटं बोलावं असं मनात आलं, अगदी जिभेपर्यंत आलं. पण ज्या सासूनं माझ्यासमोर स्टुलावर बसून एकेक तुकडा निघताना बघितला होता, त्या बाईशी खोटं बोलणं मला जमेना.

"शायद जी जाए," मी म्हटलं.

आणि लगेच पुढचंही बोलून टाकलं.

"और अम्मा, गेंदा का दूसरा ब्याह कर दो, तो शायद उसका भी जी जाए. हिसाब दोनों तरफ बराबर का है. आधा आपके लड़के का, आधा इसका, तभी तो नहीं जमा. आप कहो तो मैं गेंदा के लिए भी देखती हूं. ओमती में एक घर है मेरी पहचान का. लड़का नौकरी में है, दारू नहीं पीता."

धनीराम दारातून आत आला. "ऐं? काय खों?"

"तुम्हारे लिए दूसरी, इसके लिए दूसरा. सबके बच्चे हो जाएंगे."

"हमें नईं करने दूसरी. हमने कब कई? जे अम्मा कै रई." त्याचा आवाज चढला होता. आईकडे न बघता त्यानं मालतीला विचारलं, "कोनऊ दवाई है, डाकटर जी? होय तो लिखो."

बड़ी अम्मा माझ्याकडे बघत राहिली. मग मालतीला म्हणाली, "जे तुमाई सहेली भौत खोटी है." त्यांच्याकडे खोटी म्हणजे वाईट, खोडसाळ. तोंड पदराआड होतं, पण खांदे हलत होते.

औषध होतं, पण खात्रीचं नव्हतं. मालतीनं ते तिघांना स्पष्ट सांगितलं. मलेरियावरची एक जुनी गोळी, जी सांधेदुखीच्या आजारातही शरीराला शांत करायला देतात, तिच्या जोडीला आणखी दोन. कुणाला उपयोग होतो, कुणाला नाही. पुढच्या वेळी दिवस राहिले तेव्हा गेंदा आधीपासूनच गोळ्या घेत होती. सोनोग्राफी दर थोड्या दिवसांनी. बरगीहून बस, मग ऑटो, मग लाइन. आता बरोबर धनीराम असायचा, आणि सोनोग्राफीच्या खोलीत त्याला येऊ देत नसत म्हणून बाहेरच्या भिंतीला टेकून उभा राहायचा.

मी माझ्या जागी बसून काय करणार? माझ्या धंद्यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच. सगळं संपलं की माझ्याकडे येतं. मालतीला रोज विचारायची, "काय म्हणते?" ती म्हणायची, "वाढतं आहे. कमी वाढतं, पण वाढतं आहे." एकदा दोन आठवडे वजन पुढेच सरकेना. मालती त्या दिवसांत माझ्याशी धड बोलली नाही. मी ज्या देवाला कधी हात जोडले नव्हते त्यालाही येता-जाता जोडू लागले, आणि आजूबाजूला कुणी विद्यार्थी नाही ना ते बघून घेतलं. शेवटी मालती म्हणाली, आता आत राहण्यापेक्षा बाहेर बरं. दिवस भरायच्या आधीच ऑपरेशन करून बाळ काढलं.

मुलगी. एवढीशी. माझ्या खोलीत बातमी आणली ती बड़ी अम्मानंच. हातात बादली, काखेत तिचं ते कापड. "मोड़ी भई है. रोई. कांच की पेटी में धरी है." मग न विचारता स्टूल ओढून बसली. "लो, अपने चार टुकड़ा काट लो. बाकी हमें देओ, अंगना में गाड़ने है."

मी कापायला घेतलं. तिनं पदर नाकाला लावला आणि नजर सुरीवर ठेवली.

काही दिवसांनी काच तयार झाली. मला वाटलं होतं, आत सगळं स्वच्छ असेल, गोळ्यांनी भांडण मिटवलं असेल. तसं नव्हतं. त्या झुंडी तिथे होत्याच. कमी होत्या, जागोजागी होत्या, मधल्या वाटा मोकळ्या होत्या. म्हणजे आत शेवटपर्यंत काहीतरी चाललं होतं, आणि ते चालू असतानाच ही पोर वाढली, आणि वेळेत बाहेर आली. गोळ्यांनी किती केलं, मालतीच्या घाईनं किती, आणि नुसत्या नशिबानं किती, ते त्या काचेवर लिहिलेलं नव्हतं. मी कितीतरी वेळ बघत बसले. इतकी वर्षं बघून अजून मला यातलं सगळं कळत नाही, याचा त्या दिवशी पहिल्यांदा राग आला नाही.

पोर काचेच्या पेटीतून बाहेर आली, वजन धरू लागली, आणि घरी जायच्या दिवशी तिघं मला दाखवायला घेऊन आले. पोर बड़ी अम्माच्या हातात, डोळे मिटलेली, तोंडानं काहीतरी चोखत. मी नाकी-डोळी नीटस वगैरे म्हटलं. मग गेंदा म्हणाली, "बाई, हमें वो दिखा दो. जो भीतर भओ."

मी काच लावली, उंचीला स्टूल दिलं, तिचा एक डोळा मिटायला शिकवला. आधी तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग चित्र सापडलं.

"जे गोल-गोल?"

"वो तेरी बेटी है. उसकी डालियां, कटी हुईं. ऊपर से देखो तो गोल दिखती हैं."

"और इनके बीच में जो भरो है?"

"वो तू. तेरा खून."

ती हसली असावी, कारण तिचे खांदे हलले. डोळा तसाच भिंगाला. "जे तो अपने बांध जैसो है. डूब में टापू." बरगीचं पाणी भरलं तेव्हा डोंगर बुडून त्यांचे माथे बेटांसारखे वर राहिले, ते तिला रोज नावेतून दिसत असणार. "पानी हम, टापू जे."

"हां."

"इत्ते लगे-लगे रए हम दोई?"

"इतने."

एवढ्यात पोर जागी झाली आणि कोकलायला लागली. एवढ्याशा छातीत इतका आवाज कुठून आला कोण जाणे. बड़ी अम्मानं तिला हलवलं, थोपटलं, मग सुनेला हाक मारली. "ओ गेंदा, उठ री. भूखी है मोड़ी."

गेंदा हलली नाही. डोळा भिंगालाच लावून, एक हात मागे करून सासूला थांबवत म्हणाली, "तनक रुको, अम्मा. अबै हम दोई जनी खों देख रए."